आडावरचा चौथरा

आमच्या अंगणात दूध संस्थेचा चौथरा होता. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, मांडीइतका उंच आणि निव्वळ काँक्रीटचा. त्यावर दूध थंड करायची मशीन बसणार होती. चौथरा झाला तेव्हा मी चौथीत होते. पुढे माझं शिक्षण झालं, बीडला शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, दोन मुलं झाली, तरी मशीन आली नाही. वडिलांना विचारलं की ते म्हणायचे, "फाईल फिरायलीय."

वडील त्या संस्थेचे चेअरमन. संस्था काढली तीही दुष्काळात, यात आमच्या गावाची सगळी अक्कल आली. जनावरं छावणीला गेलेली, गोठे मोकळे, आणि गावातल्या अकरा माणसांनी एकमेकांच्या गळ्यात हार घालून दूध संस्था सुरू केली. शिक्का होता, खुर्ची होती, लेटरपॅड होतं, ठरावाचं रजिस्टर होतं. दूध तेवढं नव्हतं. मशीनला जागा कुठे, असा प्रश्न निघाला तेव्हा वडील भर सभेत उठले आणि म्हणाले, "माझं अंगन घ्या." टाळ्या पडल्या. घरी येऊन त्यांनी आईला ही बातमी जेवताना सांगितली, तीही ताट अर्धं झाल्यावर.

अंगणात आईचा आड होता. लग्न होऊन आल्यापासून ती त्याचं पाणी शेंदत होती. त्या साली पाणी पार तळाला गेलं होतं, म्हणून रजिस्टरात लिहिलं गेलं, 'सदर आड कोरडा असल्याने त्यावर चौथरा बांधण्यास हरकत नाही.' काँक्रीट ओतायच्या दिवशी सकाळी आईने त्या कोरड्या आडातून अर्धी कळशी पाणी काढलं आणि वडिलांच्या पुढ्यात आणून ठेवलं.

"ह्ये बघा. जिता झरा हाय."

"अर्ध्या कळशीपाई संस्था आडवू का?" वडील म्हणाले.

मग आडाच्या तोंडावर लोखंडी रूळ पडले, रुळांवर शहाबादी फरशी आणि फरशीवर काँक्रीट. शुभारंभाला मोठे पुढारी आले होते. त्यांनी भाषणाच्या भरात ओल्या काँक्रीटमध्ये पाय दिला आणि त्यांच्या चपलेचा ठसा तिथे कायमचा बसला. गवंडी थापी मारून तो मिटवायला निघाला तर वडिलांनी त्याचा हात धरला. पुढे पाऊस पडला की त्या ठशात पाणी साचायचं आणि शेळ्या तिथे येऊन प्यायच्या. संस्थेचा फायदा झाला तो एवढाच, आणि तोही शेळ्यांना.

चौथऱ्यावर गावाने मिरच्या वाळवल्या, पत्ते खेळले, झेंडावंदन केलं, वराती थांबवल्या. वडील रोज संध्याकाळी त्यावर खुर्ची टाकून बसत. मला लहानपणी याचा अभिमान वाटायचा. आई पाण्याला कुठे जाते याकडे माझं लक्ष नव्हतं, हे आता सांगायला लाज वाटते, पण नव्हतं.

मग तो उन्हाळा आला. धरण शेजारच्या पालीला, तहान आम्हाला, हे दर दोन-चार वर्षांनी व्हायचंच, पण त्या साली टँकर चौथ्या दिवशी यायला लागला. टँकर आला की बायका हंडे घेऊन धावायच्या. वडील कधी त्या रांगेत गेले नाहीत, कारण चेअरमनने रांगेत उभं राहणं बरं दिसत नाही. आई गेली, रेटारेटीत पडली आणि तिचं मनगट मोडलं. मी बीडहून धावत आले तेव्हा हाताला प्लास्टर घालून ती चौथऱ्याच्या कडेला बसली होती. मला वाटलं रडेल. तिने चांगल्या हाताने चौथऱ्यावर थाप मारली.

"ह्यो काढून टाक. माझा आड मला उघडून दी. मी मेल्यावर नगं, आत्ता."

वडील म्हणाले, "आड कोरडा हाय. रजिस्टरात हाय तसं."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. प्लास्टर निघायची वाट पाहिली आणि सुट्टी लागल्याबरोबर काँक्रीट फोडणाऱ्या ठेकेदाराच्या शोधाला लागले. बीडच्या एका सिमेंटवाल्याने धारूरकडच्या माणसाचा नंबर दिला. माणूस चांगला, कॉम्प्रेसरचं ट्रॅक्टर स्वतःचं, विहिरीतला खडक फोडायचं काम करतो. फोनवर तो म्हणाला, "ताई, आदी बगतो, मंग पैशाचं बोलू." मला तो लगेच आवडला. माझी चूक एवढीच झाली की मी पंचांग बघितलं नाही. त्या साली ज्येष्ठ अधिक होता, म्हणजे जावयाचा मानपान करायचा धोंड्याचा महिना चालू होता.

सकाळी ट्रॅक्टर अंगणात आलं. त्यावरून मिशीवाला, डिझेलच्या डागांचा शर्ट घातलेला ठेकेदार उतरला, मागून त्याचे दोन गडी. त्याने चौथऱ्याला एक फेरी मारली, दोन ठिकाणी टाच आपटून पाहिली आणि म्हणाला, "दीड दिवसाचं काम हाय." वडील ओट्यावर पेपर तोंडासमोर धरून बसले होते. पान काही उलटत नव्हतं.

आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. आमच्याकडे आलेल्या माणसाला पाणी देताना चार गोष्टी विचारल्याशिवाय तांब्या हातातून सुटत नाही.

"पाव्हणं कुठलं?"

"धारूरचा हाय, मावशी."

"आन् सासरवाडी?"

"चकलांबा."

आईचा हात तांब्यासकट हवेतच थांबला. चकलांबा हे तिचं माहेर. "कुनाच्या घरची?" तिने विचारलं. त्याने सासऱ्याचं नाव सांगितलं.

"वेशीजवळच्या घरची? थोरली का धाकली?"

"मदली."

आईने डोक्यावरून पदर घेतला. तो पदर वर गेलेला पाहिला आणि मला कळून चुकलं की आज काही काम होत नाही.

पण ठेकेदाराला ते कळलं नव्हतं. त्याने गड्याला खूण केली आणि गड्याने कॉम्प्रेसर सुरू केला. आई अशी ओरडली की कॉम्प्रेसरच्या वरताण आवाज झाला.

"बंद करा ते! माझ्या गावच्या जावयानं माझ्या दारात घण उचलायचा? धोंड्यात? चकलांब्याला कळलं तर मला वेशीच्या आत घेतील का?"

कॉम्प्रेसर बंद झाला. अंगणात बसायला पाट आला. जी बाई भांडी राखेने घासून ओल्या फडक्याने पुसत होती, भात धुतलेलं पाणी तुळशीला आणि तुळशीखालून वाहिलेलं कोंबड्यांना देत होती, तिने त्या माणसाचे पाय धुवायला घागरभर पाणी ओतलं. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. मी म्हणाले, "आई, अगं हे पाणी मिळत नाही म्हणून तर यांना बोलावलंय ना?" ती म्हणाली, "तू गप. तुला शाळेतलं कळतं."

ठेकेदार पाटावर बसला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याच्यापुढेही पेच होता, कारण सासरवाडीच्या लेकीकडे तो आता पैशाची गोष्ट काढू शकत नव्हता. मी हळूच आकडा विचारला तर त्याने दोन्ही कान पकडले. "ताई, ह्यांच्याकडून पैसे घेतले असं घरी कळलं तर मला भाकर मिळायची न्हाई." आई त्याला काम करू देईना, तो तिला भाव सांगेना, आणि दुसरा ठेकेदार बोलवावा म्हटलं तर दारात आलेला जावई मोकळा परत पाठवायचा, हे तर त्याहून भयंकर. मग निदान गड्यांना तरी कामाला लावू, असं मी म्हणाले. आई म्हणाली, "जावयाची मानसं हायेत ती." जावयाची माणसं लिंबाखाली जेवून घोरायला लागली होती.

खरा आनंद झाला वडिलांना. त्यांनी पेपर घडी घालून ठेवला आणि उठून ठेकेदाराजवळ बसले. आयुष्यात त्यांनी कधी कुणाला स्वतःहून चहा सांगितला नव्हता, त्या दिवशी पाच वेळा सांगितला. "बसा जावईबापू, घाई काय हाय? र्‍हावा चार दिस." जितका चहा तितका चौथरा टिकतो, हे त्यांना बरोबर समजलं होतं. ठेकेदाराला त्यांनी संस्थेचा सगळा इतिहास सांगितला, चपलेचा ठसा दाखवला, रजिस्टरसुद्धा आणून दाखवलं. तो बिचारा 'व्हय मामा, व्हय मामा' करत राहिला.

दुसऱ्या दिवशी अनारसे झाले. ठेकेदार म्हणाला, "मामी, तेवढं काम…" आई म्हणाली, "काम कुठं पळून चाललंय?" मी माजघरात जाऊन भिंतीला बोलले. पाहुणा, त्याचे दोन गडी आणि त्यांना बघायला येणारे चकलांब्याच्या ओळखीचे लोक, या सगळ्यांनी मिळून घरातलं चार दिवसांचं पाणी दोन दिवसांत संपवलं. आड उघडण्यासाठी आणलेला माणूसच आमचं पाणी संपवत होता आणि आईला त्याच्यात माहेर दिसत होतं. तिच्यावर चिडावं की तिला जवळ घ्यावं, मला कळेना. तिच्याकडे माहेरचं माणूस येऊन किती वर्षं झाली होती ते मी मनात मोजायला गेले आणि मोजणं सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी माझा नवरा आला. हा या घरचा खरा, एकुलता एक जावई. मी इकडे आल्यावर आईने त्याला धोंड्याच्या जेवणाचं परस्पर बोलावणं धाडलं होतं. गुळगुळीत दाढी करून, नव्या शर्टात तो एसटीतून उतरला आणि अंगणात येऊन बघतो तर त्याच्या पाटावर एक मिशीवाला माणूस.

आईने ओळख करून दिली, "हे आमच्या चकलांब्याचे जावई."

"आणि मी?" नवरा म्हणाला.

"तुमी काय, घरचेच की."

घरच्या जावयाला पाय धुवायला अर्धा तांब्या मिळाला. आहेराचं तर विचारूच नका. आईने एकच पँटपीस-शर्टपीसचा जोड आणून ठेवला होता. तिने तो सोडवला आणि पँटपीस ठेकेदाराला, शर्टपीस माझ्या नवऱ्याला दिला. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे पाहिलं.

स्वयंपाकघरात पुरणाचे धोंडे उकडत होते, तेव्हा ठेकेदार लिंबामागे जाऊन बायकोला फोन करत होता. मी तिथेच कपडे वाळत घालत होते. कान देण्याची गरज पडली नाही, कारण चकलांब्याच्या लेकी फोनवरही वेशीपर्यंत ऐकू जातील असंच बोलतात.

"तीन दिस झाले, ट्रॅक्टर हुबं हाय," तो कुजबुजला. "मामी हात लावू देईना. धारूरचं काम बोंबललं."

"मंग रुसा की!" फोन म्हणाला. "तुमी जावई हाव का कोन हाव? लग्नात घड्याळासाठी मांडवात रुसलेता, इसरला का? तसंच रुसून बसा आन् त्यो चौथराच मागून घ्या. एकदा तुमचा झाला की फोडा न्हाईतर डोक्यावर घ्या, कोन इचारतंय?"

मी ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले. त्या बाईला मी अजून पाहिलेलं नाही, पण तिला मी मनोमन हात जोडले.

पानं वाढली. धोंडे, वर तुपाची धार. ठेकेदार पाटावर आलाच नाही. तो चौथऱ्यावर जाऊन घराकडे पाठ करून बसला. रुसणं त्याला काही नीट जमत नव्हतं. मध्येच मान वळवून तो ताटात काय काय पडलं ते बघायचा आणि पुन्हा रागीट व्हायचा. आई तुपाची वाटी हातात घेऊन तशीच पुढे धावली. "अवो, जावई रुसले! काय कमी पडलं का? पँटपीस आवडला न्हाई का?" माझा नवरा मधल्या मध्ये म्हणाला, "मलाही शर्टपीस आवडलेला नाही," पण ते कुणी ऐकलं नाही.

रुसलेल्या जावयाला घरच्या कर्त्याने जाऊन समजवायचं असतं. वडील उठले. त्यांनी टोपी नीट केली, उपरणं खांद्यावर टाकलं. आजूबाजूच्या ओट्यांवरून दहा-पंधरा माणसं बघत होती. इतकी माणसं समोर दिसली की वडिलांमधला चेअरमन जागा होतो. ते चौथऱ्याजवळ उभे राहिले आणि सभेतल्या आवाजात म्हणाले, "बोला जावईबापू, काय पाहिजे? मागाल ते देनार. सगळ्यांसमोर शब्द हाय."

"शब्द?"

"शब्द."

"मंग ह्यो चौथरा द्या."

वडिलांनी उपरणं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "चौथरा… चौथरा संस्थेचा हाय. माझ्या एकट्याचा असता तर… त्याला ठराव घ्यावा लागंल."

तेव्हा आई पुढे आली. जावयासमोर घेतलेला पदर तिने मागे केला. तिचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"आन् आड कुनाचा होता? तवा कोन्ता ठराव घेतलाता मला इचारून? पानी आनून पुढ्यात ठिवलंतं मी. तुमी त्याच्याकडं बघितलं बी न्हाई."

मला वाटलं वडील 'रजिस्टरात हाय' म्हणतील. त्यांनी चौथऱ्यावर हात ठेवला, मग काढला. "न्या," ते म्हणाले, आणि घरात गेले.

ठेकेदाराने आधी उडी मारून पाटावर बसून सात धोंडे खाल्ले, मग शर्ट काढला. आता चौथरा त्याचा होता. आपल्या वस्तूचं जावयाने काय करावं यात सासूने बोलायची सोयच राहिली नाही. ती दुपार आणि दुसरा सगळा दिवस अंगणात असा आवाज झाला की कोंबड्या दोन दिवस अंडं देईनात. उरलेल्या धोंड्यांवर सिमेंटची धूळ बसली. चपलेच्या ठशाचे दोन तुकडे झाले आणि ट्रॉलीत पडले. ते पाहायला वडील बाहेर आले नाहीत.

आडाच्या तोंडाजवळ कॉम्प्रेसर बंद करून छिन्नी आणि घणाने काम सुरू झालं. खाली पडू नये म्हणून ठेकेदाराने कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं. धोंड्याला आलेला घरचा जावई शर्टपीस खांद्यावर टाकून पाहुण्या जावयाचा दोर धरून उभा होता. मला हसू आवरेना. आई हसत नव्हती. ती लिंबाच्या बुंध्याला टेकून बसली होती आणि मोडलेलं मनगट दुसऱ्या हाताने दाबत होती. पाणी नसलं तर काय, हे आम्ही दोघींनी एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. नसलं तर ती आयुष्यभर खोटी आणि रजिस्टर खरं ठरणार होतं.

फरशी फुटली, रूळ ओढले, आतून कोंदलेला वास आला. ठेकेदाराने एक खडा टाकला. सगळे कान देऊन उभे राहिले. मग खालून आवाज आला, डुबूक, अगदी लहान. त्याने पालथं पडून मोबाईलची बॅटरी आत धरली. किती वेळ तो बघत राहिला कुणास ठाऊक, मला तर फार वाटला.

"मामी," तो म्हणाला, "हाय."

आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वडील दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "आत्ता आलं आसंल. नवीन झरा आसंल." आई उठली आणि आडाच्या कडेला जाऊन आत वाकली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

ठेकेदाराने स्वतः आत उतरून गाळ काढला. पैसे घेतले नाहीत, डिझेल मी भरलं. चौथऱ्याचे तुकडे तो आपल्या घरच्या रस्त्यात भरायला घेऊन गेला, आणि आईने मोजून दिलेले तेहतीस अनारसे धारूरच्या घाटातच संपले असं त्याच्या बायकोने नंतर फोनवर सांगितलं. नवऱ्याने शर्टपीस शिवला नाही.

चार दिवसांनी आडाचं पाणी निवळलं. फार नव्हतं, दिवसाला तीन-चार हंडे. त्या दिवशी सकाळी गावात टँकरचा हॉर्न वाजला, बायका पळाल्या, आणि आई आपली सावकाश उठून आडावर गेली. तिने पोहरा सोडला. मी ओट्यावर चहा घेत होते. वडील घरातून बाहेर आले. त्यांच्या हातात मोकळी कळशी होती. मी त्यांना पहिल्यांदाच पाण्याचं भांडं हातात धरलेलं पाहत होते.

"मला बी दी एवढी भरून," ते म्हणाले.

आईने मागे वळूनही पाहिलं नाही. "लाईनीत या."

वडिलांनी इकडेतिकडे पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. तरी ते पुढे झाले आणि तिच्या मागे, चार हात सोडून उभे राहिले. ऊन वर आलं होतं. आईने पहिला हंडा भरला, मग दुसरा, आणि तिने पोहरा मुद्दाम इतका हळू ओढला की बघणाऱ्यालाच कंटाळा यावा. वडील टोपी घालून, कळशी धरून उभे राहिले, आणि एकदाही 'आटप' म्हणाले नाहीत.